विंचू माझ्याकडे आहे

प्रिय सुहास,
अनेक आशीर्वाद.

पोलादपुराहून घाट चढून येणाऱ्यास आपले भैरवनाथाचे देऊळ दिसण्याआधी मनोऱ्यावरील घड्याळाचे टोल ऐकू येत. गेले अकरा दिवस ते थांबले आहेत. माझी संध्या त्या टोलांवर चाले. आता अर्घ्याची वेळ चुकते. सभामंडपाच्या पत्र्यांसाठी ते जुने यंत्र विकण्याचे पंचांनी ठरवले, गावातल्या जितेशने मोबाइलवर त्याची छायाचित्रे टाकली आणि मुंबईचा एक संग्राहक सोमवारी ते न्यायला येतो आहे, हे तू ऐकलेच असशील.

तीस वर्षे तुझे बाबा दर सोमवारी मनोऱ्यात चढून चावी देत, दगडी वजने वर घेत. दातेरी चक्राला क्षणोक्षणी अडवून सोडणाऱ्या पोलादी आकड्याला ते 'विंचू' म्हणत. तेल घालताना "सरक रे, चावू नको" असे बजावत. तो विंचूच नाहीसा झाला. त्याच्यावाचून यंत्र म्हणजे भंगार. मनोऱ्याचे कुलूप तुझ्या बाबांच्या स्वाधीन. सारी बोटे त्यांच्याकडे वळली.

परवाच्या बैठकीत केरू पाटलांनी देवापुढे बेलभंडारा ठेवला. तो उचलणाऱ्याने जे ठाऊक असेल ते सगळे सांगावे, काही राखू नये, ही आपली रीत. तुझे बाबा उठले आणि एकवार माझ्याकडे पाहून म्हणाले, "नाय उचलणार." हैबती ओरडला, "मग कबूल कर की रे, येसा!" सोमवारपर्यंत मुदत दिली आहे. जाणत्याचे सभेतील मौन हे पापच, असे चाळीस वर्षे पुराणात सांगणारा मी खाली मान घालून बसलो होतो.

काल कळले, तूही त्यांना फोनवर म्हणालास, "घेतलं असेल तर देऊन टाका, बाबा." तेव्हापासून ते जेवलेले नाहीत. म्हणून हे पत्र पहिल्या एसटीने पनवेलला निघालेल्या राहुलच्या हाती देतो आहे. विंचू माझ्या देवघरात, शाळिग्रामाच्या मागे आहे. विक्री मोडावी म्हणून मीच तो काढला. मनोऱ्यात बसून जप करतो, असे सांगून तुझ्या बाबांकडून किल्ली घेतली होती. सोमवारी बेलभंडारा मी उचलीन. यंत्र जाईल, जाऊ दे. गावासमोर ते त्या दिवशी निर्दोष ठरतील. तुझ्यापाशी आजच ठरू देत. त्यांना फोन कर.

तुझाच,
ज्याला तू आजवर गुरुजी म्हणत आलास तो