रेफिकचा उन्हाळा

१४ जून १९९६, शुक्रवार

मेलिहा आली. दारात उभी राहून म्हणते, "मी अंकाराहून आले. रेफिकच्या घरून."

रेफिकच्या घरून! मग मी कोणाच्या दारात उभी होते?

एकोणीस वर्षं या बाईचं नाव ऐकतेय. माझा नवरा पावाची भट्टी चालवायला शहरात गेला आणि तिच्याकडे राहिला. वाटायचं, नटवी असेल. कसली नटवी! केस माझ्याहून पांढरे. पातळ बूट, हातात एकच पिशवी. मी बस म्हटलं नाही. तीही बसली नाही.

"बोलायचं होतं," म्हणाली.

म्हटलं, सकाळी गुरं घेऊन उन्हाळ्यासाठी वर डोंगरातल्या कुरणावर निघायचंय. दरड कोसळलीय, यंदा ट्रक नाही. तीन दिवस पायी. बोलायचं असेल तर चाल.

वाटलं, ऐकून परत फिरेल. चुलीपाशी घोंगडी ओढून झोपलीय. घराच्या कागदांसाठी आली असणार. दुसरं काय!

१५ जून

खालच्या उन्हाळवाडीत पोहोचलो. पाय म्हणजे लाकडं झालीत. पंचावन्नाव्या वर्षी ही चढण नको वाटते, पण पिवळी आणि काळडोळी एवढ्या दोन गाई आहेत म्हणून मी आहे.

पाच-सहा घरांतूनच धूर निघत होता. बाकीची अजून बंद. नाजिये आत्याने हाक मारली. मक्याच्या पिठाचा, चीज घातलेला मुहलामा केला होता, लोणी वर तरंगत होतं. मेलिहाकडे बघून म्हणते, "ही कोण गं?"

"पाहुणी."

"पाहुणी गुरांमागे चालते? आणि ते बूट! लग्नाला निघालीस का गं बाई?"

मेलिहा म्हणाली, "निघाले तेव्हा तसंच वाटलं होतं." आत्या खो खो हसली. तिला आवडली वाटतं. मला नाही.

वाटेत एकदा म्हणाली, "रेफिक म्हणायचा, या वळणावर —"

म्हटलं, त्याचं नाव काढू नकोस. गुरं बिथरतात.

गुरं कुठली बिथरतात!

१६ जून

दिवसभर धुकं. हातभर लांबचं दिसेना. गाईच्या गळ्यातल्या घंटेवरून वाट काढायची. ओढ्यावरची फळी वाहून गेली होती. पिवळी उतरली आणि मधेच पाय घसरून आडवी झाली. दोर माझ्या हातातून सुटला. मी ओरडतेय नुसती — आणि ही बाई कमरेइतक्या पाण्यात! दोर मनगटाला गुंडाळला आणि दगडाला पाय लावून बसली. बसलीच. मी मागून गाईला ढकललं. कशीबशी निघाली.

मेलिहाचा एक बूट गेला. मनगटाची सालटं निघाली. ओठ निळे. पण चूं नाही.

मधल्या उन्हाळवाडीत दुरसुनदादाने आम्हाला शेकोटीशी बसवलं. त्याच्या म्हातारीचे रबरी बूट तिला काढून दिले. मला म्हणाला, "फेहिमे, ही अंकाराची नाहीच. शहरातली बाई आधी किंचाळते, मग विचार करते, पाण्यात उतरायचं का ते."

तो दूध काढायला गेला तेव्हा ती बोलली. मी विचारलं नव्हतं.

चार वर्षांपूर्वी रेफिक भट्टीसमोर पडला. उजवं अंग गेलं. भट्टी विकली. तेव्हापासून उचलणं, धुणं, भरवणं, कूस बदलणं — एकटीने. शिवणकाम करायची, तेही सुटलं. आता काही दिवस त्याचा पुतण्या बघतोय, म्हणून येता आलं. "माझी पाठ गेली, फेहिमेताई. डॉक्टर म्हणतात, उचलणं थांबव. पण ठेवू कुठे त्याला?"

"ताई म्हणू नकोस."

"बरं."

मग शेकोटीत काटकी सारत — "एकच शब्द बोलतो तो. दिवसभर. बाकी सगळं गेलं."

"कोणता?"

तिने मनगटाकडे बघितलं. "फेहिमे."

१७ जून

वर पोहोचलो. तिच्याशी अक्षर बोलले नाही. दिवसभर गाईंशी बोलले.

१८ जून

उजेडात घर नीट बघितलं. बर्फाने छपराची फळी मोडलीय. दोघींनी मिळून दुसरी चढवली. तिने कण्हत का होईना, खालून धरून ठेवली. आणि खिळा ठोकता ठोकता माझा जिभेवरचा ताबा सुटला! जे तोंडात आलं ते बोलले. एकोणीस हिवाळे मी एकटीने छपरावरचं बर्फ ओढलं. वांझ म्हणून ऐकून घेतलं, टाकलेली म्हणून ऐकून घेतलं. सासूला शेवटपर्यंत मीच सांभाळलं. धडधाकट होता तेव्हा तुझा, आणि आता उरलंसुरलं माझ्या दारात!

तिने फळी सोडली नाही. म्हणाली, "उरलंसुरलं नाहीये. अख्खा माणूस आहे. चांगला जड आहे."

मला हसू आलं. असा राग आला हसल्याचा! हातोडी फेकली आणि गोठ्यात जाऊन बसले.

ती आत आली नाही. बाहेरून लाकडं फोडल्याचा आवाज येत होता. हळूहळू. एक घाव, मग बराच वेळ काही नाही. मग एक घाव. पाठीने काम करू दिलं नसणार.

शेवटी जाऊन कुऱ्हाड काढून घेतली. "मरशील," म्हटलं.

"मग कळेल त्याला कोण बघतं," म्हणाली.

१९ जून

मक्याची भाकरी तिला जमत नाही. चिखल करते. पण चहा बरा करते.

विचारलं, तू त्याच्यासोबत का राहिलीस? त्याचं लग्न झालेलं माहीत होतं.

"माहीत होतं. चूक होती. पण तोवर त्याच्या खोकल्याचीही सवय झाली होती."

खरं बोलली. एवढं खरं कोणी माझ्याशी आजवर बोललं नाही.

२० जून

गेली. नाजिये आत्याचा जावई खाली चालला होता, त्याच्यासोबत पाठवली.

उंबऱ्यात म्हटलं तिला — उन्हाळ्यात त्याला वर माझ्याकडे आण. थंडी पडायला लागली, गुरं उतरली, की तो खाली तुझ्याकडे. उन्हाळाभर तुझी पाठ मोकळी, हिवाळाभर माझी.

"गुरांसारखं?" म्हणाली.

"गुरांसारखं. त्यांना जमतं, त्याला का जमू नये?"

हसली नाही, रडली नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, खूप ओझं उतरवल्यासारखी. मग म्हणाली, "सप्टेंबरात मी स्वतः येईन न्यायला. ताई, विसरणार नाही." या वेळी ताई म्हणाली तर काही बोलले नाही.

लोकांना सांगेन, बाईच्या पाठीची दया आली. ते खरंच आहे. पण या वहीत खोटं कशाला लिहू? त्या एका शब्दासाठी त्याला आण म्हटलं.

२ जुलै

दुरसुनदादाच्या फोनवर निरोप आला — पुतण्या त्याला रस्ता संपतो तिथवर गाडीने आणेल. खिडकीजवळची जागा घासून काढली. नवी गादी भरली. आणि केस धुतले. वेडी!

१९ जुलै

आणला. चौघांनी शिडीला गादी बांधून, आळीपाळीने. शेवटच्या चढणीला सगळे घामाने निथळत होते, दुरसुनदादा शिव्या घालत होता — "रेफिक, शहरात भट्टीतलं सगळं तूच खाल्लंस की काय!"

आत्याही बघायला वर आली होती. माझ्या कानाशी — "डोळे भरून बघ गं. नवरी दिसतेस अगदी." चूप, म्हटलं.

मी त्याला ओळखलं नसतं. दाढी पांढरी, तोंड एका बाजूला ओढलेलं. हात तेवढे तेच. पीठ मळणारे.

सगळे वाट बघत उभे. तो बोलला नाही. छपराकडे बघत राहिला, मग डोळे मिटले. दमला असेल. मीही दमले. उशी नीट केली, अंग पुसलं. तीस वर्षांपूर्वी या अंगाला हात लावताना लाजायचे. आता पाठीला कुठे जखम नाही ना, तेवढं बघितलं. एकही नाही. चार वर्षं निजून आहे आणि एकही नाही. मेलिहाने किती जपून ठेवलंय!

२० जुलै

सकाळी दूध-भाकरी कुस्करून चमचा तोंडाशी नेला. त्याने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे दाराकडे. आणि बोलला. स्पष्ट.

"मेलिहा."

चमचा तसाच धरून बसले. पुन्हा — "मेलिहा." पुन्हा. दुपारपर्यंत तेच.

"सप्टेंबरात येईल ती," म्हटलं. "तोंड उघड."