बाराव्या नियमात सुधारणा

४ मार्च १९६८, सोमवार
आजपासून डायरी. फोरमन होणाऱ्या माणसाकडे रेकॉर्ड हवं. सांताक्रूझ विमानतळावर सामानाचा ट्रॅक्टर चालवतोय, नऊ वर्षं झाली. नियमांचं पुस्तक तोंडपाठ. नियम बारा: विमानाजवळ गाडी रिव्हर्स घेताना एक माणूस सहा फूट लांब उभा राहून शिट्टीने इशारा देईल. माझा माणूस धाकू. आमच्याच भाईंदरचा, कोळीवाड्यातला. भला आहे, पण हल्ली शिट्टी मरतुकडी मारतो. झापलं पाहिजे.

९ मार्च, शनिवार
सुगंधाला बजावलं, नवऱ्याशी तोंड उघडून बोलत जा. बायकोच काय, मेले सगळेच पुटपुटायला लागलेत. कावळेसुद्धा गाव सोडून गेले वाटतं. एकूण भाईंदर शांत झालंय.
कंपनीने कानांवर घालायला झाकणं दिली. नऊ वर्षं जेटजवळ काढलेल्याला कसली झाकणं? सुगंधा त्यांत टाचण्या ठेवते.

१४ मार्च, गुरुवार
नोटीस लागली. सगळ्यांचे कान तपासणार. धाकू कानाशी तोंड आणून ओरडला, दादा, तुला आयकू येत न्हाय, डॉक्टरला दाव, न्हायतर मीच सायबाला सांगतो. डोकंच फिरलं. मग समजावलं, फोरमनची यादी लागू दे, पाडवा झाला की स्वतः जातो. शिफ्ट बदलून तपासणी चुकवली. कामं असतात.

१८ मार्च, सोमवार
शिट्टी बंद. धाकू मागच्या चाकाशी उभा राहून मडगार्डवर थाप मारतो. एक थाप, ये. दोन थापा, थांब. सीटवर बसल्याबसल्या कळतं. आयडिया माझी. धाकू तोंड वाकडं करूनच तयार झाला, पाडव्यापर्यंतच म्हणाला. फोरमन झालो की नियम बारा सुधारायला लेखी देईन.

२६ मार्च, मंगळवार. संध्याकाळ
दोन थापा लागल्याच नाहीत. एकच लागली. मी रिव्हर्स घेत राहिलो. लोडर हात हलवत धावत आले तेव्हा ब्रेक मारला. मागे वळलो. धाकूचा पाय चाकाखाली. तोंड उघडं होतं. बराच वेळ उघडं असावं.
जेवण गेलं नाही.

२९ मार्च, शुक्रवार
चौकशी. साहेबांच्या अगदी समोर बसलो. समोर बसलं की माणसं नीट बोलतात. सांगितलं, धाकू सहा फुटांच्या आत का आला, त्यालाच विचारा. नियम बारा घडाघड म्हणून दाखवला. थापांचा विषय निघाला नाही, मीही काढला नाही. हॉस्पिटलात धाकूने जबाब दिला, चूक माझीच. पाय घोट्याच्या वर कापलाय. नोकरी गेल्यात जमा.
नियमाने पाहिलं तर चूक त्याचीच.

१५ एप्रिल, सोमवार
फोरमन झालो. ऑर्डर हातात. सुगंधाने देवापुढे साखर ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही.

२१ एप्रिल, रविवार
पेढे घेऊन धाकूकडे गेलो. तो खाटेवर. त्याची बायको मंदा दारात उभी राहून बोलायला लागली. हातवारे करत बराच वेळ बोलली. मी मान डोलावत होतो. शेवटी तिने काहीतरी विचारलं आणि उत्तरासाठी थांबली. मी हो म्हणालो.
मंदा मटकन खाली बसली. धाकूने भिंतीकडे तोंड फिरवलं. पुडा तसाच घेऊन घरी आलो.
तिने काय विचारलं, मला ऐकू आलं नाही.