पानावरचा चहा

दादा, यंदा सर्वपित्रीला तुमच्या पानावर दारूचा ग्लास ठेवला नाही. चहा ठेवला, दोन चमचे साखर घालून. बाकी सगळं रीतसर होतं, भात, वडे, खीर, अळूची भाजी. पान विहिरीच्या कठड्यावर ठेवलं आणि कावळ्याची वाट बघत आम्ही मागच्या दारी उभे राहिलो. काकांनी कप बघितला. "बापाला चा पाजतोस? मेलेल्या मानसाला तहानेला ठेवनार?" मग नेहमीचं अस्त्र काढलं, "तिथं जाऊन खिरिस्तांव झालास का रं?" नाही झालो. तिथे मी फक्त शुद्धीवर आलो. आपल्या घरात त्यालाच धर्मांतर म्हणतात.

'तिथे' म्हणजे वसईतल्या एका चर्चमागचा हॉल, जिथे फादर आमच्यासारख्यांची दारू सोडवतात. पहाटे प्रार्थना, मग झाडलोट, केळीला पाणी, दुपारी बायबल, आणि संध्याकाळी गोल बसून प्रत्येकाने आपलं सांगायचं. मी पडलो पेपरात टवाळी लिहून पोट भरणारा. पहिल्याच संध्याकाळी माझी घसरगुंडी अशी रंगवली की अख्खा हॉल हसला. फादरही हसले. मग म्हणाले, "झकास. आता खरं सांगा." मला खरं येईना. बरेच दिवस आलं नाही. आलं तेव्हा त्यात तुम्ही होतात. वाडीत केळीचे घड उतरवून झालेत, पंपाच्या खोलीच्या ओट्यावर तुम्ही तुमच्या ग्लासातली अर्धी मला ओतताय. "घे. बाप्या झालास आता." मी अकरावीत आहे आणि मला तुमचा इतका अभिमान वाटतोय की घसा जळतोय तेही कळत नाही. पुढे माझे हात थरथरायला लागले तेव्हा तुम्हीच चारचौघांत म्हणालात, "मी दारू पितो. ह्याला दारू पिते." पोट फुगून गेलात, तेव्हा कोण कोणाला पीत होतं, ते विचारायचं राहून गेलं.

हॉलमधून पहिल्यांदा बाहेर आलो तो कोरडा, ताठ. मग आली तुमची सर्वपित्री. पान उचललं की ग्लासातला घोट थोरल्याने प्रसाद म्हणून घ्यायचा, ही आपल्याकडची रीत. काकांनी ग्लास पुढे केला. प्रसादाला नाही कसं म्हणायचं? घेतला. त्या एका घोटाने मला थेट दिवाळीपल्याड नेऊन गटारात सोडलं. परत हॉलच्या दारात उभा राहिलो तेव्हा वाटलं, आता प्रवचन होणार. फादर एवढंच म्हणाले, "झाडू जिथे होता तिथेच आहे." देवावर विश्वास बसला का, ते मलाही नीट सांगता येत नाही. रोज त्याच्यापुढे गुडघे टेकतो. आपल्या घराण्यात गुडघे पिऊन पडतानाच टेकले गेलेत, म्हणून सवय व्हायला वेळ लागला. पण त्याने मला कधी बाप्या हो म्हटलं नाही, आणि मला तेवढं पुरतं.

तर यंदा कावळा येईना. पोरं भुकेने कुरकुरायला लागली. काका म्हणाले, "बघ! पुढल्या साली ठेवीन म्हन, लगेच शिवंल." मी म्हणालो, "नाही म्हणणार. त्यांना परत ग्लास दिला तर घोट मला घ्यावा लागेल. नाही येत तर नको येऊ देत." काका माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मीच तुम्हाला दुसऱ्यांदा मारलं. तेवढ्यात आई दारात आली. इतकी वर्षं तो ग्लास तीच भरत आलीय. म्हणाली, "भावजी, बसा जेवायला. जिवंत होते तेव्हा तरी कुठं वेळेवर जेवायला आले?"

कावळ्याविना जेवलो, दादा. पुढच्या वर्षीही चहाच मिळेल. रागवायचं तर खुशाल रागवा. हे पत्र काही मी कुठे टाकणार नाही, टाकायला जागाही नाही. पण जेवणानंतर हात धुवायच्या निमित्ताने मी मागच्या दारी गेलो होतो. मग पुन्हा गेलो. अंधार पडेपर्यंत जात राहिलो. कप तसाच होता, वर साय धरलेली.