बाबांचं पाणमांजर

प्रिय विनीत,

विठू सुट्टी संपवून शनिवारी मस्कतला परत निघतोय. त्याच्याबरोबर कोकमाचं आगळ, मेतकूट आणि हे पत्र देते आहे. रोज फोन होतो, मग पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण फोनवर तुझ्या मागे खोलीतली माणसं असतात, माझ्या शेजारी बाबांची खाट असते, आणि तू ‘काय चाललंय?’ विचारलंस की माझ्या तोंडून आपोआप ‘बरं आहे’ बाहेर पडतं. ते म्हणायचाच आता कंटाळा आलाय.

आधी बाबांचं सांगते. शिमग्यानंतर झटका आला तेव्हा तू होतास, नंतरचं तू पाहिलं नाहीस. उजवा हात अजून तसाच आहे. शब्द ओठांपर्यंत येतात आणि अडकतात. वर्षानुवर्षं वेळणेश्वरची वस्तीची गाडी चालवलेला माणूस, अख्ख्या एसटीला ऐकू जाईल असा आवाज. त्यांना आता पाणी मागायलाही खूण करावी लागते. त्याची त्यांना इतकी लाज वाटायची की भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी दमून निघून जायची. मीही दमायचे, पण मला निघून जायला जागा नव्हती. सकाळी त्यांचं अंग पुसायचं, चादर बदलायची, आरोहीचा डबा, मग कॉलेजचं ऑफिस, जेवणाच्या सुट्टीत रिक्षा करून त्यांना भरवायला घरी, पुन्हा ऑफिस. त्यात हा आश्विनातला उकाडा. कुवारबावच्या चढावर मला हल्ली मध्येच उभं राहावं लागतं. कुणी विचारलं तर मी चप्पल नीट करत असल्यासारखं दाखवते.

गणपतीनंतर आरोहीने तू आणलेलं ते खेळाचं यंत्र बाबांच्या समोरच्या टीव्हीला जोडलं. त्यात एक खेळ आहे. पिवळा रेनकोट घातलेलं एक पाणमांजर बेटाबेटांवरून उड्या मारत फिरतं आणि वाऱ्याने उडालेले पतंग गोळा करतं. लढाई नाही, घड्याळ नाही. पाण्यात पडलं तर एक कासव पाठीवर घेऊन काठावर आणून सोडतं, एवढंच. नवशिक्यांसाठी आणखी सोपी सोय आहे. पाणमांजर कडेला आलं की आपलं आपण उडी मारतं, म्हणजे एका अंगठ्याने खेळता येतं. आरोहीने बाबांच्या डाव्या हातात कंट्रोलर ठेवला आणि म्हणाली, ‘आजोबा, यात कुणी हरत नाही.’ बाबांनी तो बाजूला ठेवला. मला वाटलं, संपलं. पण दुसऱ्या दिवशी मी कपडे वाळत घालून आले तर पाणमांजर एका दगडाभोवती गोल गोल फिरत होतं आणि बाबा उशीवरून मान उचलून बघत होते.

तेव्हापासून भिंतीकडे तोंड नाही. त्यांची खेळायची रीत बघायला हवीस तू. पुढे जायची घाई नाही. प्रत्येक आडवाट, प्रत्येक गुहा बघून यायची. रस्त्यातला एकही थांबा गाळायचा नाही. पतंग सापडला की घशातून हसतात. व्यायामवाली मुलगी म्हणते, मान सावरायला लागलेत, बसायला लागलेत. खेळात एका वेळी दोघांना उतरता येतं. दुसरा गडी बेडूक होतो. आरोही क्लासला गेली की बाबा दुसरा कंट्रोलर माझ्याकडे सरकवतात. खरं सांगू, मला तेव्हा नुसतं आडवं व्हायचं असायचं. पण त्यांचा चेहरा बघून बसायचे. माझा बेडूक सारखा पडायचा. दुसरं कुणी पुढे निघून गेलं असतं. बाबा पाणमांजराला मागे वळवायचे, माझ्याजवळ आणून उभं करायचे आणि मी निघेपर्यंत थांबायचे. एकदा मला रडूच आलं. मी कांदा चिरायला उठल्यासारखं केलं.

मागच्या रविवारी दुपारी असंच खेळत होतो. चहा टाकायला म्हणून उठले आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन खालीच बसले. खाटेची कड धरून पुन्हा उठायला लागले तर बाबांनी माझा पदर धरला. ‘बस,’ म्हणाले. ‘बस गो.’ मी म्हटलं, काही नाही बाबा, ऊन लागलं असेल. त्यांनी माझ्या साडीकडे पाहिलं आणि मान फिरवली. मग हातातला कंट्रोलर खाटेच्या दांडीवर आपटायला लागले, आणि ओरडले, ‘गोदू! गोदू!’ इतक्या महिन्यांत त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. शेजारच्या गोदूबाई हातातली परात घेऊनच धावत आल्या. ‘अगो, पांढरीफटक पडलीस की!’ म्हणाल्या, आणि रिक्षा बोलावून मला तशीच डॉक्टरांकडे घेऊन गेल्या.

पावसाळ्यापासून माझी पाळी थांबत नाहीये, विनीत. अंगात रक्त उरलेलं नाही, म्हणून चढ चढवत नाही. गर्भाशयात गाठी आहेत. दिसायला साध्या वाटतात, पण पिशवी काढून तपासायला पाठवावी लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माझी आई कशाने गेली ते तुला ठाऊक आहे. त्यांनी विचारलं, इतके दिवस का अंगावर काढलंत? मी म्हटलं, वेळ मिळाला नाही.

रक्त चढवून झालंय. दिवाळी झाली की ऑपरेशन. दर्शनाताई केळशीहून येऊन बाबांना बघणार आहेत. लेकीच्या हातून अंग पुसून घ्यायला बाबा तयार नव्हते. मी त्यांच्याशी बोलले, मग त्यांनी मान हलवली. आरोहीला मी सगळं खरं सांगितलं आहे. ती कुकर लावायला शिकली. म्हणजे घराची सोय झाली आहे. घरासाठी तू यायला नकोस.

पण मला भीती वाटते. आत नेताना दाराशी तू हवास, आणि तो तपासणीचा कागद येईल तेव्हा तो आधी तू वाचायला हवास. तू तिथल्या नोकरीच्या नवीन कराराबद्दल बोललास तेव्हा मी ‘कर की’ म्हणाले होते. ते मी मागे घेते. सही करण्याआधी इकडे ये. विठूच्या हातून पत्र मिळालं की फोन कर. येत असशील तर येतो म्हण, नसशील तर नाही म्हण. ‘बघतो’ तेवढं म्हणू नकोस.

वाट बघणारी,
तुझीच तेजस्वी