डॉन आस्द्रूबालचा ब्रेकर

७ मार्च
डॉन आस्द्रूबालचा एसी परत बंद! बायको गेल्यावर न्हाव्याचं दुकानही बंद केलं, एकटेच घरी असतात. बारान्कीयाच्या उकाड्यात एसीशिवाय बसणार कसे? आधी वायर बारीक होती, मान्य. चौदा नंबरची काढून जाड, बाराची ओढली, पंधराच्या जागी वीस अँपिअरचा ब्रेकर बसवला. मशीनच्या पाटीवर लिहिलंय तस्संच. तरी पडतो म्हणजे काय? खटका वर केला, एसी सुरू.

१० मार्च
हार्डवेअरवाला विल्मन चारचौघांत म्हणतो, "नीदियाबाई, चाळीसचा टाका की. बायकांना हे हिशेब झेपत नाहीत." म्हटलं, "चाळीसचा टाकला तर ब्रेकर पडणार नाही, वायर पेटेल. ब्रेकर वायरीला वाचवायला असतो." लोक हसले. पण शेजारच्या सेनायदाने तिचं वायरिंगचं काम त्यालाच दिलं. एवढ्या वर्षांचं माझं नाव एका म्हाताऱ्याच्या एसीपायी मातीत जाणार.

१४ मार्च
परत! क्लॅम्प मीटर लावून बसले. नऊ अँपिअर. वीसचा ब्रेकर नऊवर पडेलच कसा? तोही बदलला. डॉन आस्द्रूबाल जवळच खुर्ची टाकून बडबडत होते — नदीवरची मासेमारी, एका गिऱ्हाइकाची अर्धीच काढलेली मिशी. हसताना माझ्या हातातली पक्कड पडली. मग त्यांनी सांकोचो वाढला, माशांचा दाट रस्सा. दोनदा घेतला.

१५ मार्च
रश्शाला मीठ कमी होतं.

१९ मार्च
आता फोन आला तर सांगणार, विल्मनला बोलवा. हरले मी.

२१ मार्च
आला फोन. शेवटचं म्हणून गेले. झाकण उघडलं आणि आज कुठे नीट पाहिलं. ब्रेकर आपणहून पडला की खटका मध्येच अडकतो. हा पार खाली — हाताने पाडलेला! दर वेळी घाईत वर करत राहिले, गाढव मी.

मागे वळले. टेबलावर दोन ताटं मांडलेली. म्हातारा दाढी घोटून, इस्त्रीचा शर्ट घालून उभा, नजर फरशीवर. "पडला का हो परत?"

"पडला," म्हटलं.

असा संताप आला होता! जेवले मात्र. मीठ आज बरोबर होतं.

२२ मार्च
विल्मन म्हणाला, "सापडला का दोष?"
"सापडला. वायरीत नव्हता."

२७ मार्च
फोन नाही. चोर लाजला वाटतं. एसी चालतोय, माझं नाव राहिलं. मग करमत का नाही?

२८ मार्च
सकाळीच माझ्या घरचा ब्रेकर हाताने खाली केला. फोन लावला. "डॉन आस्द्रूबाल, माझाही एसी बंद पडलाय. येऊन बघता का?"
"मला त्यातलं काय कळतंय, बाई?"
"माहितेय. येताना मासे आणा."