वळणावरचा खांब

६ जानेवारी, सोमवार

तिसऱ्यांदा सांगितलं! तरी नाचणे गावच्या गोपाळकृष्णकाकांचं आपलं तेच — “जिन्याच्या वळणावरचा खांब सुटा ठेव. हवा तेव्हा काढता आला पाहिजे.”

अहो, कठड्याचा खांब आहे तो. छत्रीची दांडी नव्हे!

“मधले दांडे सुटे चालतात ना तुला? मग हा का नाही? दोन्ही उभेच की. फरक काय?”

फरक काय! दांडे नुसते फट भरायला. एक मोडला तर दुसरा कातून बसवता येतो. खांबावर सगळा कठडा टेकलेला असतो. तो हलला की सगळंच हललं. उद्या त्यांच्याच कमलाकाकू पडल्या तर नाव कोणाचं? मृणाली सुतारणीचं.

८ जानेवारी

आप्पांना सांगितलं. चाळीस वर्षं रंधा मारलेला बाप, वाटलं, माझी बाजू घेईल. कसलं काय! “गिऱ्हाईक म्हणतं तसं कर गो बाय.” स्वतः कधी ऐकलं का गिऱ्हाइकाचं? मी बाई, म्हणून मी ऐकायचं!

९ जानेवारी

फणसाचे चौदा दांडे कातून झाले. खांद्यात कळ.

११ जानेवारी, शनिवार

दांडे बसवले. सुरेख दिसतायत. काकूंनी घावणे केले होते, पण खाल्लेले अंगी लागले नाहीत. काका वळणावर टेप घेऊन उभे! भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजतायत. एकदा नाही, चारदा.

“पलंग न्यायचाय का वर?” मी सरळच विचारलं.

भडकले. “जमत नसेल तर सांग. दुसरा सुतार बघतो.” तेही काकूंसमोर! हत्यारं गोळा केली नि निघून आले.

१२ जानेवारी

काम सोडतेय. ठरलं.

१४ जानेवारी

काकूंचा फोन — तिळगूळ घ्यायला ये. गेले नाही.

१५ जानेवारी, बुधवार

काका स्वतः कारखान्यात आले. रिक्षाने, एकटेच. ओंडक्यावर बसले. कितीतरी वेळ नुसता दम खात होते. मी यंत्र बंद केलं नाही. मग केलं.

“गेल्या साली दादा गेले आमचे. वरच्या खोलीत. खाली आणताना जुन्या खांबाशी अडकले. शेवटी उभे करून, वाकवून काढले. कमला बघत होती सगळं.”

मी हातातली पटाशी खाली ठेवली.

“मला डॉक्टरांनी पावसाळ्यापर्यंतचं सांगितलंय. तिला माहीत नाही.”

१७ जानेवारी

खांब बसवला. खाली लोखंडी बूड, चार बोल्ट. पाना लावला की कठड्यासकट सुटतो. एरवी हलत नाही — मी लोंबकळून बघितलं.

काकूंनी विचारलंच, “बोल्ट कशाला गो?”

“पॉलिशला काढता यावा म्हणून,” मी म्हटलं.