रंगनाथराव बेंजो आणणार नाहीत

उपनगर, नाशिकरोड
रविवार, दुपारची जेवणं झाल्यावर

आदरणीय दादास,

धाकट्या साधनाचा सप्रेम जय भीम. तुझी साखर ताब्यात आहे ना? लतावहिनींचे गुडघे जिना चढू देतात का? आणि संजनाच्या साड्यांची खरेदी संपली की अजून नाशिकला एक फेरी आहे? (असेल तर मला आधी कळव, मी पाय चोळून तयार राहते.) इकडे आम्ही दोघं मजेत आहोत, म्हणजे मी मजेत आहे आणि हे बेंजोपाशी आहेत.

पत्र बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. परवा तू फोनवर एका दमात बजावलंस, "साधने, लग्नाला या, चार दिवस आधी या, पण रंगनाथरावांना सांग, ते वाद्य मालेगावात आणायचं नाही." मी "बरं" म्हणायच्या आत ह्यांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला. रागाने नाही रे. फोनमध्ये सूर जुळवायचं काहीतरी घातलंय, त्यासाठी तो सारखा बेंजोला टेकवून ठेवलेला असतो. मध्ये मी "चहा झाला" म्हणाले तर त्याने काटा डावीकडे नेऊन माझा आवाज उतरलेला आहे असं दाखवलं. तेव्हापासून मी त्या फोनशी बोलत नाही. आत्ता हे विहारात ग्रंथवाचनाला गेलेत, फोन खिशात घालून गेलेत, म्हणून निवांत कागद घेतला.

मुळात हे दुखणं आमच्याकडे आलं कुठून? तुझ्याकडून. घराला रंग काढलास तेव्हा माळ्यावरचं ते धूड तूच आमच्या रिक्षात टाकलंस आणि वर म्हणालास, "घ्या रंगनाथराव, रिटायर झालाय, खटपट करायला बरं." देवळालीच्या मेसमध्ये आपले आप्पा आचारी असताना मायदेशी निघालेल्या गोऱ्या साहेबाने त्यांच्या रश्श्यावर खूष होऊन दिलेला तो बेंजो. (आपल्या बेंजो पार्टीत बटणं दाबून वाजवतात तो नव्हे. हा चार तारांचा, हलगीला लांब दांडी लावल्यासारखा.) ह्यांचा जन्म ओझरला विमानाच्या कारखान्यात नट आवळण्यात गेला. निवृत्तीनंतर सहा महिने हे नुसते गॅलरीत बसून वर जाणाऱ्या विमानांचे आवाज ऐकून "बेअरिंग गेलंय" म्हणायचे. मला काळजी वाटायला लागली होती, खरंच. बेंजो आल्यावर माणूस पुन्हा जेवताना बोलायला लागला, हे तुझे उपकार. आता बोलायचा थांबत नाही, हाही तुझाच दोष.

पण काय घडवलंय दादा ते वाद्य! पातळ फळ्या वाकवून एकावर एक चिकटवलेलं गोल कडं, सांधा शोधून सापडत नाही. दांडीवर शिंपल्याच्या चंद्रकोरी आणि पानं अशी बसवलीत की डोळे मिटून बोट फिरवलं तर एकही नखाला लागत नाही. कातडं ताणायला कडेने आकडेच आकडे आणि प्रत्येक आकड्याला नट. "समोरासमोरचे नट थोडे थोडे आवळायचे, एका बाजूने आवळत गेलं की कडं वाकडं होतं," हे वाक्य मी पोळ्या लाटताना, नळाला पाणी भरताना आणि सगुणाबाईंच्या नातवाच्या बारशातसुद्धा ऐकलंय. (सगुणाबाई म्हणजे आमच्या शेजारीण. हल्ली माझ्याशी जरा तुटक असतात. रोज दुपारी बेंजोच्या आवाजाने झोपमोड होते म्हणे. मी त्यांना कापूस देऊन आले.)

आता साखरपुड्याचं. तू म्हणतोस अब्रू गेली. जरा क्रमाने बघू. वर्षावासाचे दिवस, हवा ओली, कातडं सैल पडलेलं. ह्यांनी वाजवायला घेतलं तर नुसती थप थप, जणू कोणी ओल्या गोधडीला धोपटतंय. ह्यांना चाल एकच येते, तीही अर्धी, आणि तीसुद्धा ओळखू येईना. तेव्हा आमच्या कॉलनीतला हलगीवाला रवी पुढे झाला. त्याचं म्हणणं, "काका, चामडंय ना? मग याला शेक द्या. आमची हलगी नाय का आम्ही शेकत." झालं. हॉलच्या मागे आहेरांवरचे चकचकीत कागद पेटवले आणि दोघं साहेबाचा बेंजो पापडासारखा उलटसुलट शेकायला लागले. आवाज खणखणीत झाला, हे तूही मान्य करशील. फक्त ह्यांनी सकाळीच घरून सगळे नट कचकून आवळून आणले होते, ते रवीला सांगायचं राहिलं. पुढचं तुला माहीत आहे. फाट्‌कन कातडं फुटलं, तारांखालची लाकडी घोडी (ती चिकटवलेली नसते, नुसत्या दाबाने उभी असते) उडाली आणि थेट व्याह्यांच्या मठ्ठ्यात पडली. व्याही भला माणूस. त्यांनी ती चमच्याने काढली, चाटली आणि परत दिली.

त्यानंतर रवीने बकऱ्याचं नवं कातडं आणलं. भिजवून चढवलं, सावलीत वाळवलं, ह्यांनी समोरासमोरचे नट आवळले. आता ते साहेबाचं राहिलं नाही, आपल्यातलंच वाटतं. पण तुझं म्हणणं मला पटतं. मुलीचं लग्न आहे, तिथे धोका नको. तेव्हा लेखी शब्द देते, पत्र जपून ठेव: रंगनाथराव बेंजो आणणार नाहीत.

वहिनींना जय भीम, संजनाला खूप आशीर्वाद.

तुझी,
साधना

ता. क. एक बारीकसं काम. वहिनी लसूण ठेवतात ती गोल लाकडी थाळी येताजाता कोणाबरोबर तरी पाठव. आई तिच्यात तांदूळ निवडायची, म्हणून आपण ती स्वयंपाकाचीच समजलो. ती या बेंजोची पाठ आहे. तिच्यातून लसूण गळतो ते भोक उंदराने पाडलेलं नाही, स्क्रूचं आहे. पाठीशिवाय निम्मा आवाज वाजवणाऱ्याच्या पोटात जातो. वहिनींना मी स्टीलची नवी टोपली देईन. थाळी घासू नका, लसणाचा वास राहू दे.

ता. क. २. नवऱ्या मुलाच्या आजी, सटाण्याच्या कुसाबाई, परवा इकडे येऊन गेल्या. साखरपुड्यात जोरात टाळ्या वाजवल्या त्या ह्याच. म्हणाल्या, "हाई बाजा भारी शे, लगनमा बी लई या." बाजा लग्नातही आणा, मुलाकडच्यांची ही एकच मागणी आहे. मोडायची असेल तर तूच कळव, मला ते धाडस नाही.

ता. क. ३. आप्पा ते वाद्य तुझ्या हातात वाजवायला द्यायचे आणि माझ्या हातात पुसायला. तू दोन दिवसांत कंटाळलास. मी लग्न होऊन जाईपर्यंत पुसत राहिले, म्हणून ती पानं आणि चंद्रकोरी मला डोळे मिटूनही सापडतात. आणि बोटांना तेवढं पुरतं, असं आता लक्षात आलंय. वाईट एवढंच वाटतं की आप्पा ऐकायला नाहीत. रोज दुपारी हे विहारात असतात, तेव्हा सगुणाबाईंची झोप कोण मोडतं हे त्यांना अजून माहीत नाही. दिलेला शब्द मी पाळणार आहे. ह्यांच्या हातात फक्त कपड्यांची बॅग असेल.